पाटीवर बाईचं नाव असेल तर बाईशीच बोला : नारायणगावहून तमाशा ठरवण्याचा अनुभव

यात्रेला तमाशा ठरवायचा म्हणजे नारायणगाव, हे आमच्या पारनेर भागात कोणाला सांगावं लागत नाही. तिथं गेल्यावर कोणाच्या राहुटीत शिरायचं आणि आत कोणाशी बोलायचं, यावर मात्र दर गावाचं वेगळं मत असतं. माझं मत असं, की पाटीवर बाईचं नाव असेल तर त्या बाईशीच बोलावं. यंदा आमचा व्यवहार तसा झाला आणि बऱ्यापैकी चांगला झाला. फडाचं, म्हणजे तमाशाच्या मंडळीचं, नाव देत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत, आणि एका रात्रीच्या कार्यक्रमावरून कोणाच्या पोटावर पाय यायला नको.

मी गावात किराणा दुकान चालवते. यात्रा कमिटीत बाई घ्यायची आमच्याकडे रीत नव्हती. आधीच्या खजिनदारांनी वर्गणीचा हिशोब वहीपेक्षा डोक्यात जास्त ठेवला, त्यातून व्हायचं ते झालं, आणि वही माझ्याकडे आली. वही माझ्याकडे म्हणजे विसाराचे (आगाऊ द्यायचे) पैसेही माझ्याकडे, म्हणून मला गाडीत घ्यावंच लागलं. आमच्या सरपंचसुद्धा बाईच आहेत, पण नारायणगावला त्यांच्याऐवजी त्यांचे मालक आले. यावर मी गाडीत काही बोलले नाही. टाकळी ढोकेश्वर, बेल्हे, आळेफाटा करत गेलो.

ज्यांनी राहुट्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. यात्रांच्या हंगामाआधी राज्यातले फड नारायणगावला आपापली तात्पुरती ऑफिसं थाटतात. बाहेर कलाकारांच्या फोटोंचे फ्लेक्स, आत सतरंजी, चार-सहा खुर्च्या, एक टेबल, त्यावर डायरी आणि भिंतीला कॅलेंडर. गावोगावचे पुढारी या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, भाव काढतात, चहा पितात, उठतात, परत येतात. एकदा सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचा सौदा, ठरली की तारखेवर गोल पडतो. भाव फडाच्या नावावर तर ठरतोच, त्याहून जास्त तिथीवर ठरतो. चैत्री पौर्णिमेला असंख्य गावांच्या यात्रा एकाच दिवशी येतात, त्यामुळे त्या दिवशी फड मिळाला तरी नशीब. आमची यात्रा पौर्णिमेनंतर चार दिवसांनी असते. त्याचा भावात चांगला फायदा होतो, हे नव्या कमिट्यांनी ध्यानात ठेवावं.

फ्लेक्स वाचत चाललं तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. यात्रेसाठी आम्ही मंडपवाला ठरवतो, लाइटवाला, बँडवाला, शोभेच्या दारूवाला, पाळणेवाला ठरवतो. सगळे ‘वाले’. तमाशाच्या पाट्यांवर मात्र बायकांची नावं ठसठशीत असतात, आणि ती नुसती नाचणाऱ्या म्हणून नाही, फडाच्या मालकीण म्हणून. मंगला बनसोडे करवडीकर, मालती इनामदार नारायणगावकर, संध्या माने सोलापूरकर ही नावं आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. कांताबाई सातारकरांचं नाव तर आमच्या सासूबाईंच्या पिढीपासूनचं. पती तुकाराम खेडकर १९६४ मध्ये गेल्यावर पदरात पोरं घेऊन त्या बाईने पुढे स्वतःचा फड उभा केला, पोरांनाही त्यात घडवलं, आणि २०२१ मध्ये करोनाने त्या गेल्या तेव्हा गावोगावच्या कट्ट्यांवर माणसं हळहळली. तमाशातल्या थोर कलावंत विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं, त्याच्या पहिल्या मानकरी कांताबाईच. आज ज्याला महिला नेतृत्व म्हणून शहरात परिसंवाद होतात, ते इथं पत्र्याच्या खुर्चीवर बसून गेली पन्नास-साठ वर्षं ट्रक, जनरेटर आणि शे-सव्वाशे माणसांचा रोजचा भात-भाकर सांभाळतंय. फुकट मिळालेलं नाही ते. एके काळी बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या रंगमंचावर, बाईचं काम नाच्या पोऱ्याच करायचा. पवळाबाई हिवरगावकरांसारख्या बायका पहिल्यांदा उभ्या राहिल्या तेव्हा कुठे चित्र बदलायला लागलं. बोर्डावर उभी राहिलेली बाई मालकीण होईपर्यंत आणखी बरीच वर्षं गेली.

आता व्यवहाराचं. पहिल्या दोन राहुट्यांत आम्हाला मॅनेजर भेटले. दोघेही तोंडाने गोड. “पाव्हणं, काळजीच करू नका, गाव खूश करून सोडतो.” किती बायका, किती माणसं, वग (शेवटचं नाटक) कुठला, गण-गवळण (सुरुवातीचं गणेशस्तवन आणि कृष्ण-गौळणींचा विनोदी भाग) पूर्ण होणार का, असं विचारलं की उत्तर एकच, “सगळं टॉप.” एकाने तर अण्णांच्या कानाशी लागून विचारलं, “पोरी कशा पाहिजेत?” अण्णा आमच्या कमिटीचे अध्यक्ष, माळकरी माणूस. ते उठलेच.

तिसऱ्या राहुटीत मालकीण स्वतः बसलेली. साठीच्या पुढची, अंगावर साधी सुती साडी, चष्मा नाकावर, डायरीत काहीतरी खोडत होती. सगळे तिला आक्का म्हणत होते. सरपंचांच्या मालकांनी सवयीने शेजारी उभ्या असलेल्या मॅनेजरलाच विचारलं, “काय म्हणता, कितीला जमवता?” मॅनेजर गप्प. आक्कांनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “पाटील, तो गाड्यांचं बघतो. पैशाचं मी बघते.” मग माझ्याकडे वळल्या. “वही तुमच्याकडं दिसती ताई. बसा जवळ.”

पुढचा तासभर मी आणि त्या बोलत होतो, बाकीचे ऐकत होते. त्यांनी अडीच लाख सांगितले, मी दीड म्हणाले, दोन लाख दहा हजारांवर सुपारी फुटली. पन्नास हजार विसार, बाकी कार्यक्रमाच्या दिवशी बोर्डावर पडदा उघडण्याआधी. घासाघीस झालीच, पण प्रत्येक आकड्यामागे त्यांच्याकडे कारण होतं. डिझेल किती, आदल्या मुक्कामापासून आमच्या गावापर्यंत किती किलोमीटर, ढोलकीवाल्याला काय, पोरींना काय. हंगामाच्या आधी कलाकारांना उचल द्यावी लागते, ती सावकाराकडून काढलेली असते आणि त्याचं व्याज हंगामभर चालू असतं, हेही त्यांनी सरळ सांगितलं. २०२० च्या मार्चमध्ये ऐन हंगामाच्या तोंडावर यात्रा बंद झाल्या, २०२१ चाही हंगाम गेला, उचल तर वाटून झालेली होती. “त्यातलं अजून फिटतंय,” एवढंच बोलल्या.

राहुटीत विठाबाई नारायणगावकरांचा हार घातलेला फोटो होता. अण्णांनी तो बघून ती नेहमीची गोष्ट काढली. दिवस भरलेली बाई कनातीमागे जाते, बाळंत होते, दगडाने नाळ तोडते आणि परत बोर्डावर येते. आपल्याकडे ही गोष्ट फार अभिमानाने सांगतात, मीही लहानपणापासून ऐकलेली. आक्का म्हणाल्या, “ती गोष्ट समदी सांगत्यात. राष्ट्रपतींनी दोनदा गौरवलेली बाई शेवटी औषधपाण्याला महाग झाली, ती कोण सांगत न्हाय.” अण्णा गप्प झाले. चहा आला.

नंतर त्यांनी अटींचा कागद काढला. या कागदासाठी मी त्यांना पूर्ण गुण देते, कारण असा कागद आमच्याकडे मंडपवाल्यानेही कधी दिलेला नाही. पोलीस परवाना गावाने काढायचा. पैसे उधळायचे नाहीत, बक्षीस द्यायचं तर कमिटीच्या हातून माइकवर नाव सांगून. कनातीमागे फडाच्या माणसांशिवाय कोणी जायचं नाही, “सरपंच असू द्या नायतर आमदार”. पाऊस आला तर किती, भांडणाने कार्यक्रम बंद पडला तर किती, ते लिहिलेलं. आणि शेवटी हाताने वाढवलेली एक ओळ: बायकांसाठी आतून कडी लागणारे दोन संडास, पाण्यासह, तळापासून हाकेच्या अंतरावर.

या ओळीवर आमची मंडळी हसली. मी नाही हसले. गाडी लावून बाईमाणूस दिवसभर परक्या गावात थांबायचं म्हणजे काय, हे बाईलाच कळतं. झेडपी शाळेचे संडास होते, पण एकाची कडी तुटलेली आणि टाकीला पाणी नाही. मी गावी आल्यावर सुताराला बोलावून कड्या बसवून घेतल्या, टँकरवाल्याला टाकी भरायला लावली आणि किल्ली माझ्याकडे ठेवली. खर्च साडेसातशे रुपये. तो ‘तमाशा खर्च’ या खात्यात टाकला, तर वार्षिक सभेत एकाने हरकत घेतलीच. कड्या अजून आहेत, शाळेतल्या मुली वापरतात.

कार्यक्रमाच्या दिवशी गाड्या दुपारी तीनला यायच्या होत्या, आल्या साडेपाचला. ही पहिली तक्रार. रस्त्यात ट्रकचा पाटा तुटला म्हणे, असेल, पण फोन तरी करावा. छबिना, म्हणजे देवाची पालखी, निघायची वेळ झाली तरी बोर्ड बांधून झालेला नव्हता, कमिटीचा जीव टांगणीला. आक्का मात्र पदर खोचून मैदानात उभ्या. खांब कुठे, कनात कुठे, जनरेटर वाऱ्याच्या कुठल्या बाजूला, सगळं हातवारे करून. त्या मॅनेजरसकट बारा-पंधरा गडी त्यांच्या तोंडाकडे बघून पळत होते. आमच्या गावातल्या पोरांनी हे पाहिलं, हे बरं झालं.

बायकांच्या बसण्याचं सांगायला हवं. आमच्याकडे बायका तमाशाला जात नाहीत. घराच्या गच्चीवरून, शाळेच्या भिंतीआडून ऐकतात, पण मैदानात बसत नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या कुस्त्यांच्या हगाम्याचीही तीच गत. मी आक्कांना राहुटीतच विचारलं होतं, बायकांना बसवलं तर चालेल का. त्या म्हणाल्या, “चालंल काय, मला तर बरंच. पुढं बायका असल्या की मागची शिट्टी आपोआप बारीक व्हती.” मग बोर्डाच्या उजव्या अंगाला दोर बांधून जागा केली. सुरुवातीला तिथं माझ्या बचतगटाच्या बायका, दोन शिक्षिका आणि माझ्या सासूबाई, एवढंच. सरपंचबाई आल्या, अगदी पहिल्या रांगेत बसल्या. गवळण होईपर्यंत दोराच्या आत जागा उरली नाही.

कार्यक्रम कसा होता? गण चांगला. ढोलकी आणि हलगीची जुगलबंदी फार चांगली, ढोलकीवाल्याच्या बोटांना गावाने दोनदा वन्समोअर दिला. गवळणीतली मावशी आणि पेंद्या यांनी बायकांना इतकं हसवलं की सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मावशीचं काम करणारा गडी अस्सल होता, बोलण्यात चावटपणा होता पण घाण नव्हती.

रंगबाजी आली आणि माझा रस गेला. एकामागून एक सिनेमातली गाणी, त्यातली निम्मी हिंदी, आवाज छातीत धडधडेल इतका. पोरी जीव तोडून नाचत होत्या, पण यूट्यूबवर जे फुकट दिसतं ते बघायला दोन लाख दहा हजार कशाला मोजायचे? नंतर आक्कांना विचारलं तर म्हणाल्या, तरण्या पोरांना हेच लागतं, नाही दिलं तर खुर्च्या मोडतात, आणि पुढच्या वर्षी तीच पोरं कमिटीत असतात. त्यांचं खरं आहे. तरीही माझी तक्रार राहते. मालकीण बाई असली तरी काय विकायचं ते दोराच्या त्या बाजूला बसलेली गर्दीच ठरवते, हे त्या तासाभरात स्पष्ट दिसलं.

वग ऐतिहासिक होता आणि त्यात सरदाराचं काम आक्कांनी स्वतः केलं. फेटा, मिशा, कमरेला तलवार. संध्याकाळी मैदानात खांब रोवायला लावणारी तीच बाई, तोच आवाज, पण आता दरबारात. पहिल्या दोन वाक्यांनाच मागची पोरं शांत झाली. एका प्रवेशात वजीर झालेला मॅनेजर संवाद विसरला, तर सरदाराने मिशीवर ताव देत त्याला म्हटलं, “वजीर, खजिन्याचं तुम्ही विसरलात तरी आम्ही विसरलो नाही.” हे वाक्य वगात नव्हतं, हे कमिटीतल्या आम्हा लोकांना कळलं. सरपंचांचे मालक सगळ्यात मोठ्याने हसले. त्यांना ते कुठून आलं हे कळलं की नाही, देव जाणे.

वग मात्र आखडता घेतला. गाड्या उशिरा आल्या, छबिना लांबला, आणि पोलिसांनी दिलेली वेळ संपत आली, त्यामुळे शेवटचे दोन प्रवेश धावत उरकले. दंगा झाला नाही, पण म्हातारी माणसं नाराज झाली. त्यांच्या तरुणपणी वग उजाडेपर्यंत चालायचा. आता ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आहे, फार तर खास परवानगीने बारा. त्यामुळे कमिटीने छबिना लवकर आवरायला हवा आणि फडाने वेळेवर यायला हवं. निम्मा दोष आमचाही धरा.

सकाळी हजेऱ्या झाल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रात्रीच्या तमाशानंतर दुसऱ्या दिवशी कलाकार गावात देवापुढे हजेरी लावतात, गाव त्यांचा मान करतं. मला रात्रीपेक्षा ही हजेरी आवडली. आवाजाची भिंत नाही, दिवे नाहीत. देवळापुढच्या पिंपळाखाली ढोलकी, तुणतुणं, झांज आणि एक बावीस-तेवीसची मुलगी. तिने जुन्या ढंगाची एक बैठी लावणी म्हटली, अदा डोळ्यांतच. रात्री हिंदी गाण्यावर हीच तिसऱ्या रांगेत नाचत होती. हिच्यात एवढं आहे, हे रात्री कळायला वावच नव्हता. मी तिला विचारलं, पुढं काय करायचं ठरवलंय? म्हणाली, “आक्कांसारखा फड काढायचा.” मग आवाज खाली आणून, “पण ट्रक कोण देणार?” नाचायला बायका पुष्कळ आहेत आणि मालकीण होणाऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्याही बहुतेक फड चालवणाऱ्या घरातच जन्मलेल्या किंवा तिथं नांदायला आलेल्या. तिच्याकडे ना बापाचा फड, ना नवऱ्याचा. उचल फेडण्यात हंगाम जातो, बँक तमाशाच्या धंद्याला दारात उभं करत नाही. पुरस्कार देणाऱ्या सरकारने एखाद्या पोरीच्या ट्रकच्या कर्जाला जामीन राहायची योजना काढावी, असं माझं आपलं दुकानदारी डोकं म्हणतं.

हिशोब देवळाच्या ओट्यावरच मिटला. बाकीची रक्कम आदल्या रात्रीच दिली होती. बक्षिसाचे माइकवर पुकारलेले अठरा हजार चारशे वहीत लिहिलेले होते, ते मी आक्कांच्या हातात दिले. त्यांनी मोजले, डायरीत लिहिले आणि सही केली. उशीर झाल्याबद्दल मी काही कमी करायला सांगितलं तर म्हणाल्या, पैसे कमी करत नाही, पुढच्या वर्षी आलात तर वग पूर्ण देते, लिहून घ्या. लिहून घेतलं.

तर पाचपैकी किती, असं विचाराल तर व्यवहाराला पाच, ढोलकी-गवळणीला पाच, वगाला साडेतीन (आक्कांच्या कामाचे वेगळे दिले असते), रंगबाजीला दोन, वेळेला एक.

जाणाऱ्या कमिट्यांना चार शब्द. तारीख मोठ्या तिथीची असेल तर राहुट्या लागल्या लागल्या जा, उशिरा गेलात तर हातात येईल तो फड आणि पडेल तो भाव. मॅनेजरने काहीही कबूल केलं तरी मालकिणीची सही घ्या, तीच पाळली जाते. विसाराची पावती तारखेसह मागा. अटींचा कागद फड देत नसेल तर तुम्ही लिहून न्या, त्यात गाड्या पोहोचायची वेळ आणि उशीर झाल्यास काय ते नक्की टाका, आम्ही टाकलं नव्हतं. रंगबाजी किती वेळ आणि वग किती वेळ हे मिनिटांत ठरवा. संडासाचं त्यांनी सांगायची वाट बघू नका. आणि कमिटीत निदान एक बाई न्या, तीही वही घेऊन. आमच्या सरपंचबाईंनी पुढच्या वर्षी स्वतः यायचं कबूल केलंय, गाडीत त्यांच्या मालकांसाठी जागा उरेल की नाही ते तेव्हा बघू.